भिंतीवरून सोललेली चित्रं

बडनेऱ्याला धरलेली गाडी मूर्तिजापूर, अकोला करत निघते आणि शेगावला डबा बराचसा रिकामा होतो. "अजिंठ्याले चालले? मंग जळगावलेच उतरा," समोरच्या काकांनी सांगून टाकलं.

अजिंठा मराठवाड्यात असला, तरी अमरावती-अकोल्याच्या माणसानं तिथं परक्यासारखं जायचं कारण नाही. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. तसा शिलालेखच त्या लेण्यात आहे.

वाटेत भुसावळ लागतं. मेजर रॉबर्ट गिल यांची कबर इथं आहे. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. अनेक वर्षं खपून केलेल्या त्या कॅनव्हासांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. पुढं जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून नव्या नकला करवल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या.

नकलांचं हे झालं. अस्सल चित्रांचं काय झालं, ते सतराव्या लेण्यात दिसतं. ओसरीच्या डाव्या टोकाला भवचक्र आहे: जीवांच्या जन्ममरणाचा फेरा दाखवणारं मोठं चाक, आज अर्धंमुर्धं उरलेलं. सुरुवातीच्या गोऱ्या पाहुण्यांना ते राशिचक्र वाटलं. १८२८ मध्ये मुंबईचे डॉ. जेम्स बर्ड यांनी त्यातल्या चार आकृती सोलून काढल्या. बर्ड काही भुरटे चोर नव्हते. जुन्या वस्तूंचे जाणकार होते. पुढंही तुकडे निघत राहिले. एक आज अमेरिकेत, बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

१९११ मध्ये लूव्रमधून 'मोनालिसा' चोरीला गेली आणि दोन वर्षांनी सुखरूप सापडली. ती लाकडी फळीवर रंगवलेली आहे, म्हणून लपवून नेऊनही टिकली. अजिंठ्याच्या चित्राखाली माती, भाताचा भुसा, झाडांचे तंतू यांचा गिलावा आणि त्यावर चुन्याचा पातळ हात. असा गिलावा सोलायला गेलं की बहुतेकदा त्याचा चुराच होतो. मग नेलेली वस्तू परत मिळण्याचा प्रश्नच उरत नाही.

निजाम सरकारनं १९२० मध्ये इटलीहून चेक्कोनी या तज्ज्ञांना बोलावलं आणि त्यांनी सुटणारे पोपडे धरून ठेवले. त्यांनी लावलेली लाख पुढं पिवळी पडली, पण सुटू लागलेलं रंगकाम भिंतीवर राहिलं.

वऱ्हाडातून जाल तेव्हा आधी सोळाव्या लेण्यातला वराहदेवाचा लेख पाहा आणि मग सतराव्यातलं ते तुटकं चाक. भिंतीला हात लावू नका, फ्लॅश मारू नका. हे चित्र आपल्याच प्रधानाच्या काळातलं आहे, आणि भिंतीवर आहे तोवरच आहे.