मोहाची घोटभर

वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षांपासून दारूबंदी आहे. तरी आंजी (मोठी) येथे नातलगांकडे उतरलो असता शेजारच्या आजीबाई गरोदर सुनेला सहज म्हणाल्या, "आंग दुखते नं माय? मोहाची घोटभर घे."

शमशोनाच्या आईला देवदूताने मद्य वर्ज्य सांगितले होते, ते आठवले. संकोच सोडून मी बोललो : मद्य वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, त्याच्या कोवळ्या यकृताला ते निपटवत नाही, मेंदूची घडण बिघडते. सिएटलच्या डॉक्टरांनी १९७३ साली या विकाराला नाव दिले. पुष्कळदा मूल दिसते धडधाकट. शाळेत मात्र "मठ्ठ" ठरते.

आजीबाई बराच वेळ सूप पाखडत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग माह्या पोराले पाढे म्हून येत नव्हते काय?"

मला होय म्हणवेना, नाहीही म्हणवेना.