हंसविणाऱ्याची विद्यार्थिदशा

लोकांना हंसविणें ही ईश्वराची देणगी असली, तरी ती पहिल्यानें उपद्रव म्हणूनच ओळखली जाते. वर्गांत गुरुजींची नक्कल करणारा मुलगा पुढें काय होणार, हें कोणास सांगतां येतें? या विचारानें आम्ही गणपतराव बोडस यांच्या बाळपणाकडे वळलों.

गणेश गोविंद बोडस यांचा जन्म १८८० सालीं नगर जिल्ह्यांतील शेवगांवीं झाला. त्याच सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. म्हणजे मराठी संगीत नाटक आणि बोडस हे समवयस्कच! अमेरिकेंतील प्रसिद्ध विनोदी नट जोसेफ जेफरसन (१८२९–१९०५) हा नटांच्याच कुळांत जन्मला व बाळपणींच रंगभूमीवर आला. बोडसांस असा वारसा नव्हता. नाटकांत जाणें म्हणजे घराण्यास बट्टा, असें मानण्याचा तो काळ. तरीही शिक्षण अर्धवट टाकून त्यांनीं कोवळ्या वयांतच किर्लोस्कर मंडळीची वाट धरली.

ही हकीकत आम्ही दहिसरच्या आमच्या घरीं सांगितली, तेव्हां आमच्या धाकट्या बंधूस मोठा हुरूप आला. स्टेशनावरील फेरीवाल्यांचीं हुबेहूब सोंगें आणण्यांत त्याचा हातखंडा आहे. आई पदराआड हंसते, वडील मात्र म्हणतात, “सोंगांनीं पोट भरत नाहीं.”

वडिलांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हे. नाटक मंडळी ही फिरती पाठशाळाच असे. तेथेंच राहावें, जेवावें, नकला घोकाव्या, तालमींत एकेक वाक्य पुनःपुन्हा म्हणावें, असा क्रम. गोविंद बल्लाळ देवलांसारखे नाटककार तालीम देत. १९११ सालीं ‘मानापमाना’तील लक्ष्मीधर गाजला, तेव्हां बोडसांनीं तिशी गांठली होती. शाळा सुटली, पण अभ्यास सुटला नाहीं!

१९१६ सालीं त्यांनीं देवलांच्या ‘संशयकल्लोळां’तील फाल्गुनराव उभा केला. हा फाल्गुनराव थट्टा करीत नाहीं. त्याचा जीव संशयानें खरोखरच पोळत असतो. म्हणूनच आपण हंसतों, आणि हंसतां हंसतां आपल्या मनांतील संशयही ओळखतों. १९१९ सालीं हेच बोडस ‘एकच प्याला’तील सुधाकर झाले. ज्यास दुसऱ्याचें दुःख कळतें, त्यासच खरें हंसवितां येतें. बोबड्या सोबत्याची नक्कल करून वर्ग हंसविणें सोपें आहे. परंतु त्या हंशांत एक मूल मान खालीं घालून बसलेलें असतें.

आजच्या मुलास त्यासाठीं घर सोडण्याचें कारण नाहीं. स्नेहसंमेलनाचा रंगमंच त्याच्या शाळेंतच आहे. आईबापांस आमची एवढीच विनंति कीं, मुलानें नक्कल केली तर त्यास गप्प बसवूं नये, कीं नुसती शाबासकीही देऊं नये. त्यास म्हणावें, “पुन्हा करून दाखव, आणि ज्याचें सोंग आणलेंस, तो समोर बसला असतां त्यालाही हंसूं येईल असें कर.”