दुकानांच्या मधला दरवाजा

दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मी रस्त्यावर आपण चालत नाही, गर्दी चालवते. बेलबाग चौकाशी एका दुचाकीवाल्याचा अंगठा हॉर्नवरून निघेचना, म्हणून बाजूला व्हायला मी दुकानांच्या मधल्या दरवाजात शिरले. थोडी आत गेले आणि आवाज मागे पडला. कान आधी बावरले, मग सैलावले. समोर बेलबागेतलं लक्ष्मी-विष्णूचं देऊळ, पायाखाली गार फरशी आणि भिंतीला टेकून बसलेल्या एक बाई. शेजारी पिशव्यांचा ढीग. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी खरेदीची यादी केली होती. उटणं, पणत्या, रांगोळीचे रंग, एकेक खोडत होत्या. मग मान वर करून मला म्हणाल्या, "कंदील राहिलाच की हो." आम्ही दोघी मिळूनच बाजारात आलो होतो, असा सूर होता.

नाना फडणविसांनी १७६५ साली बेलबागेचं काम काढलं आणि चार वर्षांत पुरं केलं. काम काढलं तेव्हा ते तेवीस वर्षांचे. पानिपताच्या धुमाळीत आई गमावून परतलेला तरुण, नंतर दौलतीचा सगळा गुंता ज्याच्या डोक्यात राहिला तो. त्याला देवाइतकीच ही शांतताही हवी असणार, असं मला इथे बसल्यावर वाटतं. तुळशीबागेतलं राममंदिर जास्त देखणं आहे, हे कबूल. पण तिथे बाजार देवाच्या दाराला येऊन भिडतो. माझं मन बेलबागेतच रमतं.

पुण्याच्या पोटातून अशीच एक वाट जाते, पाण्याची. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वर त्याला नळ म्हणतात, पण आहे तो दगड-चुन्याचा बोगदा, आत माणूस उभा राहून चालेल एवढा. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास. त्यांतून हवा खेळायची आणि गाळ काढायला माणसं उतरायची. बाकी सगळं काम उताराचं. पाणी आपलं आपण वाहत पेठांतल्या हौदांत येऊन पडायचं. काळा हौद, फडके हौद ही त्यांतलीच नावं.

माझ्या आजोळच्या वाड्यातही कात्रजच्या पाण्याचा हौद होता. घरात नळ आल्यावर तो फक्त झाडांना आणि धुण्याला उरला. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि नळ कोरडे पडले. आजी ते दिवस सांगायला लागली की तिचा आवाज चढायचा. वाड्यात यायला दोन तोंडं होती, पुढचा दरवाजा आणि मागचा बोळ. बोळ इतका अरुंद की भरलेल्या कळश्या घेतलेल्या दोघीजणी समोरासमोर आल्या तर एकीला मागे फिरावं लागे. म्हणून आजीने शिस्त लावली: रिकामी कळशी बोळातून आत, भरलेली पुढच्या दाराने बाहेर. स्वतः हौदाच्या काठावर उभी राहून ती पोहरा ओढून द्यायची. नदीकाठची घरं गेलेल्या बायकाही त्या रांगेत असत. कोण कुठली, कुठल्या जातीची, हे त्या आठवड्यात तिने कुणाला विचारलं नाही, आणि नंतरही तिला ते विचारावंसं वाटलं नाही. सोवळ्यात वाढलेल्या माझ्या आजीचं उरलेलं आयुष्य त्या बोळाने बदललं, असं आई म्हणते.

आता तिथे सहा मजली इमारत आहे. वाडा गेल्याची हळहळ मला फारशी नाही. ओल धरलेल्या भिंती आणि सगळ्यांत मिळून एक संडास, यांत ज्यांनी जन्म काढला त्यांना लिफ्ट मिळाली, हे चांगलंच झालं. बोळाच्या तोंडाशी मात्र लोखंडी फाटक लागलंय आणि ते मला सोसत नाही. त्या वाटेने पेठेतलं कुणीही, कुणाला न विचारता, या रस्त्यावरून त्या रस्त्यावर जायचं. जुन्या पेठेतला नवा नकाशा मंजूर करताना मजले मोजतात, गाड्यांच्या जागा मोजतात. लोक पिढ्यान् पिढ्या जिथून जात आले ती वाट राहिली का, तेही पाहावं. कळशी घेतलेली एक बाई जाईल, इतकी रुंदी पुरे.