आठव्या तासाचा पाय

सायकलचा बूट घालून दुकानात चार पावलं चालून बघणारं गिऱ्हाईक दिसलं, की मला त्याला हाताला धरून खाली बसवावंसं वाटतं. चालणं हा त्या बुटाचा विषयच नाही. रोड सायकलिंगच्या बुटाचा तळ कार्बनचा नाहीतर कडक नायलॉनचा. तो चवड्यापाशी वाकत नाही, आणि खाली क्लीट, म्हणजे बूट पॅडलला अडकवणारी पट्टी, लागली की टाच खाली, पंजा वर अशा अवघडलेल्या अवस्थेत माणूस कसाबसा रस्ता ओलांडतो. तेव्हा 'चालून पाहिलं, बरा वाटला' याला काही अर्थ नाही. पॅडलवरचा पाय एका जागी अडकलेला असतो. तिथून तो मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा, त्याच हाडांवर, त्याच दिशेनं दाब देतो. नव्वदचा हिशोब धरला तर तासाला ५,४०० वेळा. चालताना प्रत्येक पावलाला पाय उचलला जातो, बोटं वाकतात, दाब जागा बदलतो. इथं त्यातलं काहीच होत नाही. दुकानात करंगळीला जाणवलेला किंचितसा दाब दिवे घाट चढेपर्यंत किंचितच राहतो, जेजुरीला त्याची आठवण होते आणि मोरगावच्या अलीकडे माणूस रस्त्याच्या कडेला बूट काढून बसतो.

मी पुण्यात बाइक फिटचं काम करतो. सीट किती उंच, हँडल किती लांब, क्लीट कुठं, हे बघण्याचं काम. लोक गुडघा घेऊन येतात, कंबर घेऊन येतात, आणि मी आधी बूट काढायला सांगितला की थोडे हिरमुसतात. सायकलवर शरीर तीन जागी टेकतं: हात, बैठक, पाय. हात हँडलवर इकडेतिकडे हलवता येतात, बैठकीवरून क्षणभर उठता येतं. पायाला मात्र सुटका नाही. म्हणून बूट बघताना माझ्या डोक्यात दुकानातला पाय नसतो, आठव्या तासाचा पाय असतो. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी; २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. आठव्या तासाला ऊन डोक्यावर असतं, पाय सुजलेला असतो, मोजा ओला असतो. त्या पायाला बूट बसला पाहिजे. सकाळी साडेपाचच्या पायाला काय, काहीही बसतं.

'वापरून वापरून सैल होईल' हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो चामड्याच्या काळातला आहे आणि त्या काळी खराही होता. कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते, मग पायाची होऊन जाते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. सायकलचे जुने बूटही असेच होते: वर मऊ चामडं, खाली चामड्याचाच तळ. पाय टो-क्लिपमध्ये सरकवायचा आणि वरून पट्टा ओढायचा. आधी क्लीटशिवाय थोडी सायकल चालवायची, पॅडलच्या कडेची खूण तळाच्या चामड्यावर उमटायची आणि त्या खुणेवर क्लीट खिळ्यांनी ठोकून घ्यायची. पाय स्वतःची जागा स्वतः सांगायचा आणि खिळा ती मान्य करायचा. ही पद्धत मला फार आवडते. तिच्यात शहाणपण होतं, त्रासही भरपूर होता.

पुढे १९८४ साली फ्रान्सच्या लूक कंपनीनं स्कीच्या बूटबंधाचं तंत्र पॅडलवर आणलं आणि १९८५ साली बर्नार इनोनं त्याच पॅडलवर तूर द फ्रान्स जिंकली. पट्टे गेले. पाय धरून ठेवायचं काम पट्ट्याकडून बुटाकडे आलं. त्यासाठी बूट कडक झाला, चामडं जाऊन मायक्रोफायबर आलं, तळाला कार्बन आला. जोर वाया जाईनासा झाला हे खरं. पण बूट पायाचं ऐकेनासा झाला. मायक्रोफायबर नावापुरतं ताणतं. कार्बन तर मुळीच नाही. ज्या फर्म्यावर बूट बेतला तोच त्याचा जन्मभराचा आकार. म्हणून पहिल्या दिवशी जो बूट अरुंद आहे तो दोन वर्षांनी जुना आणि अरुंद असतो.

आणि ते फर्मे आपल्या पायांवरून घेतलेले नाहीत. इटलीत, युरोपात ज्या पायांसाठी रोडच्या बुटाची घडण ठरली ते लहानपणापासून बंद बुटात वाढलेले पाय. आपल्यातल्या पुष्कळांचं बालपण घरात अनवाणी आणि बाहेर चपलेत गेलं. बोटांना पसरायला कुणी मज्जाव केला नाही. २००९ साली बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या अनवाणी वावरणाऱ्या लोकांची पावलं तपासली. ती बूट वापरणाऱ्यांच्या मानानं रुंद निघाली आणि चालताना त्यांच्या तळव्यावर दाब अधिक सारखा पसरलेला दिसला. म्हणजे रुंद पाय ही व्याधी नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, ती भारतीय पायांसाठी वेगळी मापं ठरवावीत म्हणून. तोवर आपण ब्रिटिशांचा नंबर सांगून युरोपचा बूट घेतोय.

हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी आली होती. पहिली ३०० नुकतीच केलेली.

"काका, बूट एकदम फिट्ट आहे. तरी करंगळी बधीर होते."

मी बुटातला इनसोल ओढून काढला, फरशीवर ठेवला आणि म्हटलं, "यावर उभी राहा बघू."

ती उभी राहिली. अंगठ्याकडची बाजू नीट बसली. करंगळी आणि तिच्या मुळाशी असलेलं हाड मात्र सरळ इनसोलबाहेर, फरशीवर.

"पण मी मुद्दाम एक नंबर मोठा घेतलाय!"

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कागद-पेन्सिल जवळच ठेवतो. युरोपियन नंबर हा लांबीचा हिशोब आहे. एका नंबरात दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे ६.६७ मिलिमीटर. ४२ चा ४३ घेतला की पुढे बोटांसमोर पोकळी वाढते, रुंदीत फार थोडी भर पडते. करंगळी होती तिथंच चेपलेली राहते आणि वर टाच सुटते. सुटलेली टाच धरायला माणूस बूट आवळायची डायल अजून फिरवतो, त्यानं पावलाचा वरचा भाग दाबला जातो. शिवाय क्लीटची भोकं मोठ्या बुटाच्या हिशोबानं पुढे सरकलेली असतात, म्हणजे क्लीट पायाच्या मानानं चुकीच्या जागी बसते. एका दुखण्याची तीन झाली. तिला शेवटी एक नंबर लहान, पण रुंद फर्म्याचा बूट लागला. तो मागवायला तीन आठवडे गेले, कारण दुकानांत बहुधा नेहमीच्या रुंदीचेच जोड असतात. शिमानोच्या काही जोडांना रुंद आवृत्ती असते, सिडीचा 'मेगा' असतो, लेकची त्यासाठीच ख्याती आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या बाँटचा बूट भट्टीत गरम करून पायावर बसवता येतो. आपल्याकडे हे मागून घ्यावे लागतात. विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

माप घ्यायचं ते संध्याकाळी, दिवसभर उभं राहून झाल्यावर. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, कारण बसलेल्या माणसाचा पाय लहान असतो. भार आला की कमान दबते आणि पाऊल लांबतं, पसरतं. पेन्सिल अगदी उभी धरायची, तिरकी केली की ती पायाखाली शिरते. रेषा दुसऱ्यानं ओढायची. स्वतः वाकलात की भार बदलतो. मग लांबी मोजायची, चवड्याची रुंदी मोजायची, आणि बहुतेक लोक विसरतात ते तिसरं माप घ्यायचं: टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी जे हाड बाहेर येतं तिथपर्यंत. सारख्या लांबीच्या दोन पायांत हे माप वेगळं असू शकतं. एकाची बोटं लांब, दुसऱ्याची आखूड. क्लीटला बोटांशी देणंघेणं नाही, तिला हे हाड कुठं आहे ते कळायला हवं. दोन पावलंही सहसा सारखी नसतात. बूट मोठ्या पावलाचा घ्यायचा आणि लहान पावलाखाली पातळ इनसोल वाढवायचा.

बूट घालून बघताना रोज वापरता तेच मोजे. जाड सुती मोजा बुटातली सगळी जागा खातो आणि घाम धरून ठेवतो. पातळ घ्या. टाच मागे दाबून बसवायची, लांबातल्या लांब बोटापुढे अर्धा सेंटिमीटर मोकळा राहिला पाहिजे. ते बोट अंगठाच असतं असं नाही. मग डायल लावून वीस मिनिटं नुसतं बसून राहायचं. दुकानदार चुळबुळ करतो, करू द्यावी. टाच धरलेली, वरचा चढ धरलेला आणि पुढे बोटं आत वाजवता येतील इतकी मोकळी, असं जमलं तर पुढचं बोलू. पुढचा पट्टा किंवा खालची डायल घट्ट आवळणारे फार. घाट आला की खाली वाकून कट-कट-कट करत अजून दोन खाचा ओढतात. जोर त्यानं वाढत नाही, बोटं तेवढी पांढरी पडतात.

कुठं दुखतं यावरून पुष्कळ कळतं. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येत असतील तर मधला पट्टा दोषी, तिथं चामडीखाली लगेच शिरा आणि नसा आहेत. चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग होत असेल तर पुढचा भाग अरुंद आहे, किंवा क्लीट फार पुढे आहे आणि सगळा भार त्या हाडांच्या टोकांवर येतोय. तिसऱ्या आणि चौथ्या बोटामधून वीज गेल्यासारखी कळ येत असेल आणि बूट काढल्यावरही ती राहत असेल, तर मी क्लीटला हात लावत नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. तिथली नस जाड झालेली असू शकते.

क्लीट मागे घेणं हा लांब पल्ल्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पुस्तकी जागा म्हणजे अंगठ्याच्या मुळाचं हाड पॅडलच्या दांड्यावर. मी बूट घातलेल्या पायावरून दोन्ही बाजूंची हाडं बोटांनी चाचपतो, अंगठ्याकडचं आणि करंगळीकडचं, बुटावर टेप लावून खुणा करतो आणि दांडा दोन्हींच्या मध्ये आणतो. लांब जाणाऱ्यांसाठी आणखी थोडा मागे. शर्यतीत झटका मारणाऱ्याला हे रुचत नाही, त्यानं पुढे ठेवावी. ४०० करणाऱ्याला झटका कुठं मारायचाय? फक्त क्लीट मागे घेतली की पाय जरा आखूड झाल्यासारखा होतो, तेव्हा सीट दोन-तीन मिलिमीटर खाली. रंगाचंही सांगतो: शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळी सहा अंश फिरू देते, निळी दोन, लाल शून्य. लाल रंग सायकलला शोभतो म्हणून घेणारे भेटतात. त्यांचे गुडघे मग मला भेटतात.

एक गोष्ट रोडवाल्यांना आवडणार नाही. बीआरएम करायची असेल तर मी सरळ दोन बोल्टवाली, तळात खोल बसलेली डोंगरी क्लीट सुचवतो. आपल्या बीआरएममध्ये चालणं बरंच असतं: पेट्रोल पंपाच्या मागचं स्वच्छतागृह, ढाब्याच्या नुकत्याच पुसलेल्या फरश्या, तिथवर पोचल्याचा पुरावा म्हणून पावती घ्यायला रस्त्यापलीकडचं एटीएम. रोडच्या क्लीटवर ओल्या फरशीत माणूस मिसळीचं ताट घेऊन जो नाच करतो तो बघण्यासारखा असतो. शिवाय चालण्यात क्लीटचं प्लास्टिक झिजतं आणि झिजलेली क्लीट पॅडलवर डुगडुगते. डोंगरी बुटात थोडं वजन जास्त आणि पॅडल लहान, त्यामुळे तळ मात्र खरोखर कडक हवा. मऊ तळाच्या बुटात लहान पॅडलचा आकार तळव्याला कळतो. पावसाळ्यात ताम्हिणीत भिजलेला बूट आत रद्दी कोंबून वाळवायचा, दर दोन तासांनी कागद बदलायचा. उन्हात किंवा गिझरच्या टाकीवर ठेवला की डिंक सुटतो.

६०० ला चाळीस तास मिळतात. बरेच लोक मध्ये झोपायच्या मुक्कामावर एक पिशवी ठेवतात: कोरडे मोजे, जर्सी, गोळ्या. ज्यांचे पाय फार सुजतात त्यांना मी त्या पिशवीत दुसरा जोड ठेवायला सांगतो, त्याच फर्म्याचा, अर्धा नंबर मोठा. खर्चिक आहे, मान्य. पण दुसऱ्या दिवशीचा पाय पहिल्या दिवसाच्या बुटात पहाटे तीनला कोंबून बघितलेल्या माणसाला ते पटवून द्यावं लागत नाही. अट एकच, की दोन्ही जोडांत क्लीट त्या हाडाच्या हिशोबानं तंतोतंत एकाच जागी हवी. बुटाच्या टोकापासून मोजून चालत नाही, कारण टोकच पुढे गेलेलं असतं. मी पहिल्या बुटाचं माप टाचेकडून घेतो, दुसऱ्यावर उतरवतो, स्वाराला ट्रेनरवर बसवून पुन्हा हाडं चाचपतो, आणि मग बोल्ट शेवटचे आवळतो.