एकपायी सोबत

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, १९७४ साली, ग्वाल्हेरच्या महंमद गौस मकबऱ्यात जाळीपाशी उभे करून आम्ही आमच्या सौभाग्यवतींचे छायाचित्र घेतले होते. सोळाव्या शतकातील ती वास्तू. तिच्या दगडी जाळ्यांतून गाळून येणारा उजेड चेहऱ्यावर फार मृदू पडतो. लग्नाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०२४ साली, तेच छायाचित्र त्याच जागी, वडिलांनी दिलेल्या त्याच याशिका मॅट १२४-जी कॅमेऱ्याने पुन्हा घ्यावे अशी इच्छा झाली. बारा चौकटींचे रीळ संपविले. धुऊन आले तेव्हा बाराही चौकटींत जाळी दुहेरी आणि सौभाग्यवतींना दोन नाके!

कॅमेऱ्याला दोष देण्यास जागा नव्हती. ८० मिलिमीटरचे भिंग हातात धरून वापरायचे तर १/१२५ सेकंदाहून सावकाश जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आम्हांस तेथे १/१५ लागत होता. पन्नास वर्षांपूर्वी श्वास रोखून तो साधला होता; आता चहाची कपबशीदेखील आमच्या हातात वाजते.

ट्रायपॉड न्यावा, तर संरक्षित वास्तूत त्यास आधी परवानगी काढावी लागते, आणि ते ओझे आमच्या खांद्यास झेपणारेही नव्हते. तेव्हा मोनोपॉड घेण्याचे ठरले.

दुकानदाराने प्रथम एक नाजूक, पाच नळ्यांची काठी पुढे केली. तीवर तीन किलो वजन पेलण्याची ग्वाही छापलेली होती आणि आमचा कॅमेरा जेमतेम अकराशे ग्रॅमचा. परंतु पूर्ण उघडून वर तळहात दाबताच ती उसासारखी वाकली. वजन पेलणे निराळे आणि न डुलणे निराळे. शेवटची नळी करंगळीएवढी. सारा डोलारा तिच्यावर! कार्बन फायबरची काठी हलकी आणि ताठ खरी, पण किंमत तिप्पट.

मग आमच्या ध्यानात आले की हा कॅमेरा डोळ्याशी लावायचाच नसतो. त्यात वरून, मान खाली घालून पाहावयाचे. म्हणजे साडेतीन फूट उंची पुरे! चार नळ्यांची ॲल्युमिनियमची काठी घेतली, तर सर्वांत बारीक नळी आत मिटलेलीच राहते. शिवाय चौकट चौरस, कॅमेरा आडवा-उभा फिरविण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे वरचे फिरते डोकेही नको. तेवढे वजन वाचले. पिळून घट्ट करायच्या कड्या थंडीत आमच्या बोटांना जुमानीत नाहीत, म्हणून खटक्याची पसंत केली. अर्धा किलोच्या आत काम झाले.

घरी पंधरा दिवस सराव केला. काठीचा पाय किंचित पुढे, आपले दोन्ही पाय फाकलेले, गळ्यातील पट्टा खाली ताणलेला, आणि बटणाऐवजी केबल. या कॅमेऱ्यात प्रतिमा डावी-उजवी उलट दिसते, त्यामुळे डावीकडे झुकलो की सावरताना आणखी डावीकडे जातो. ही खोड मोडण्यासच आठवडा गेला.

मकबऱ्याच्या दारी आधी रखवालदारास विचारले. त्याने काठीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. "छड़ी है बाबूजी की, ले जाइए." आम्ही खुलासा केला नाही असे नाही, त्याने तो ऐकला नाही.

सात चौकटी स्वच्छ आल्या. एकीत तर जाळीच्या दगडाचा पोतही उतरला आहे. सौभाग्यवतींनी दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "अहो, साडी तरी तीच नेसायला सांगायचे होते."

त्या रिळाच्या पाच चौकटी अजून अल्बमात लावलेल्या नाहीत.