मिरीच्या बदल्यात जहाज

पोर्तोगाच्या राजाला काळी मिरी हवी आहे. दरबारात आलेल्या चार पोरांना तो सांगतो, पूर्वेला जा, मिरी घेऊन या, मी तुम्हाला जहाज देतो. सोबत एक पत्रही देतो. वाटेतल्या गुहेत नोरुद नावाचा एक बुटका राहतो. राजाचं पत्र दाखवलं की तो पूर्वेची बंद वाट उघडून देतो.

नाताळच्या सुट्टीत पुण्याला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा भाचीच्या टीव्हीवर हे चाललं होतं. खेळ होता ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’, नव्यानं केलेला. तीन सोबत्यांना तिनं वर्गमैत्रिणींची नावं दिली होती. ‘‘मामा, मिरीसाठी कोणी जहाज देतं का रे?’’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘‘देत नसत. जहाजं घेऊन येत असत.’’ तिनं ‘हं’ केलं आणि पुढे गेली. मी मात्र तिथेच अडकलो.

कारण तिच्या आईच्या मिसळणाच्या डब्यात त्या वेळी जी मिरी होती ती आमच्या आगरातली होती. सावंतवाडीजवळच्या आमच्या घरामागे पोफळींवर मिरीचे वेल चढवलेले आहेत. आजी होती तेव्हा ती घोस उतरवून घ्यायची, दाणे मोकळे करून अंगणात पसरायची. हिरवा दाणा चार-पाच उन्हांत सुरकुततो, तपकिरी होतो, मग काळा. संध्याकाळी ते सुपात गोळा करायचं काम आम्हा पोरांचं. हात चुकून नाकाशी गेला की शिंका सुरू. त्या सुपासाठी कोणी समुद्र ओलांडला असेल, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

गुहा पार करून पडद्यावरची चौघं एका गावात पोचली. पवित्र नदीकाठचं गाव, नाव बहारता. तिथे मिरीचं दुकान. दुकानातल्या म्हाताऱ्याची नात तानिया, आणि तिचं ज्याच्याशी ठरलंय त्या तरुणाचं मूळ जपानी खेळातलं नाव गुप्ता. भाचीला हे मी सांगितलं तशी ती सोफ्यावरून उठलीच. ‘‘म्हणजे हे आपण?’’

आपणच. हा खेळ रचणारे युजी होरी यांनी सगळी पृथ्वीच थोडी वाकवून नकाशात बसवली होती. रोमारिया म्हणजे रोम, इसिस म्हणजे पिरॅमिडवाला इजिप्त, पोर्तोगा म्हणजे पोर्तुगाल. खुद्द जपान त्यात जिपांग नावाचं एक लहानसं खेडं आहे. ओरोची नावाच्या राक्षसी सर्पाला मुली बळी द्याव्या लागतात म्हणून भेदरलेलं. स्वतःच्या देशाला नकाशाच्या मध्यभागी न ठेवता एका कोपऱ्यात, घाबरलेल्या माणसांसकट ठेवण्यात एक मोकळेपणा आहे. आपल्या वाट्याला नदी, मिरी आणि गुप्ता आले. तक्रार करण्याजोगं नाही.

खेळ पहिल्यांदा आला तो 10 फेब्रुवारी 1988 ला, फॅमिकॉम या खेळयंत्राच्या कॅसेटमध्ये. वार बुधवार. जपानभर दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि रांगेत शाळा बुडवून आलेली पोरं पोलिसांना सापडली. त्यावरून पुढे दंतकथाच झाली, की हे खेळ सुट्टीच्या दिवशीच विकायचे असा जपान सरकारनं कायदा केला. कायदा वगैरे काही झाला नाही. चौथा भाग मात्र 1990 साली 11 फेब्रुवारीला आला. त्या दिवशी रविवारही होता आणि राष्ट्रीय सणही.

एवढं जग मावलं होतं कशात, तर 256 किलोबाइटमध्ये. मोबाइलवर आज सकाळी आलेला सुप्रभातचा फोटोसुद्धा याहून जड असेल. जागा इतकी तंग, की सुरुवातीच्या पडद्यावर चित्र टाकायलाही उरली नाही. काळ्या पाटीवर नुसतं खेळाचं नाव. कोइची सुगियामांच्या संगीताला यंत्रात तीन सूर आणि एक खरखर एवढीच सामग्री होती, आणि त्यातच त्यांनी राजवाडे, वाळवंटं, समुद्र वाजवले. अकिरा तोरियामांनी कागदावर काढलेले राक्षस मोजक्या ठिपक्यांत उतरवले गेले. उरलेलं पोरांनी मनात भरून घेतलं.

एक चैन मात्र तिसऱ्या भागात होती. आधीच्या दोन भागांत खेळ थांबवायचा तर पडद्यावरची लांबलचक अक्षरमाला वहीत उतरवून घ्यावी लागे. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. तिसऱ्या भागाच्या कॅसेटमध्ये छोटी बॅटरी बसवली आणि खेळ स्वतःच लक्षात ठेवू लागला. त्या नोंदीला म्हणायचे ‘साहसाची वही’. पण बॅटरी दगा द्यायची, कॅसेटला धक्का लागायचा, आणि एक दिवस अंगावर काटा आणणारी धून वाजून खेळ कळवायचा की तुमची वही पुसली गेली. ती धून ऐकलेले जपानी लोक आता पन्नाशीच्या आसपास आहेत. ती ते विसरलेले नाहीत.

आमच्याकडे हा खेळ आला नाही. नव्वदीच्या दशकात आमच्या घरी होती ती फॅमिकॉमची नक्कल, पिवळ्या कॅसेटवाली. पडदा गोठला की कॅसेट उपसायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. फुंकरीनं काय होत होतं देव जाणे, पण ती न मारता कॅसेट लावणारा पोरगा मी पाहिलेला नाही. तिच्यात उड्या होत्या, बंदुका होत्या. ज्यात चालत जाऊन अनोळखी माणसाला वाट विचारावी लागते, असा खेळ मला चाळिशीनंतर भेटला.

नवा ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’ आला 14 नोव्हेंबर 2024 ला. सुगियामा 2021 मध्ये गेले होते. तोरियामा 2024 मध्येच, 1 मार्चला गेले. तिघांपैकी होरी तेवढे तो पाहायला उरले. नव्या खेळात माणसं अजून ठिपक्यांचीच आहेत, पण त्यांच्याभोवती पाणी चमकतं, धुकं सरकतं, दिव्यांचा उजेड भिंतीवर हलतो. तीन सुरांच्या जागी पूर्ण वाद्यवृंद आहे. आणि आता पुढे कुठे जायचं ते नकाशावर एक खूण दाखवते.

या खुणेपाशी मला आमच्या गावचं देऊळ आठवलं. काही वर्षांपूर्वी त्याचा जीर्णोद्धार झाला. मूर्ती तीच, गाभारा तोच. कौलं गेली, स्लॅब आला. शेणाच्या जमिनीवर गुळगुळीत फरश्या बसल्या. पावसात गळत होतं ते थांबलं, हे खरंच. पण सभामंडपातले लाकडी खांब गेले. त्या खांबांना पाठ लावून म्हातारे बसायचे, आणि परगावचा माणूस आला की त्यांनाच विचारायचा, ‘अमक्याचं घर कुठे?’ आता देवळाबाहेर बाण रंगवलेली पाटी आहे. माणूस पाटी वाचून सरळ जातो.

जपानला जीर्णोद्धार नवा नाही. इसे इथलं महामंदिर दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नवं बांधतात; मागचं बांधकाम 2013 मध्ये पुरं झालं. लाकूड नवं, गवताचं छप्पर नवं, तरी देऊळ तेच, कारण सुतारकाम एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातात जातं. जुना सुतार जिवंत असताना नव्यानं एकदा तरी बांधून पाहिलेलं असतं. हाच खेळही 1996 मध्ये पुन्हा केला गेला, 2000 मध्ये खिशातल्या यंत्रासाठी पुन्हा, आणि आता पुन्हा. ठिपके बदलले म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की या खेळाची सुतारकी कोणती? मला वाटतं, विचारणं. जुन्या खेळात पुढची वाट कोणा तरी माणसाच्या तोंडी असायची. विहिरीजवळची बाई, बंदरावरचा दारुडा, दुकानातला म्हातारा. कोण कामाचं बोलेल ते ठाऊक नसायचं, म्हणून सगळ्यांशीच बोलावं लागायचं, आणि बिनकामाचं जे ऐकू यायचं त्यातूनच गाव उभं राहायचं.

पोर्तोगातच असं एक जोडपं आहे. शापानं कार्लोस दिवसा घोडा होतो आणि सब्रिना रात्री मांजर. दोघं एकाच वेळी माणूस कधीच नसतात. राजाच्या मिरीशी त्यांचा काही संबंध नाही, त्यामुळे खूण तुम्हाला त्यांच्याकडे नेणार नाही. त्या गावात उगाच हिंडलात तरच ते भेटतात.

बहारतात म्हाताऱ्यानं गाऱ्हाणं सांगितलं. कांदाता नावाच्या दरोडेखोरानं तानियाला पळवलंय. ते ऐकून गुप्ता एकटाच धावत सुटतो आणि तोही पकडला जातो. चौघं गुहेत जाऊन दोघांना सोडवतात. कांदाता पाया पडून माफी मागतो. ‘नाही’ म्हटलं की पुन्हा मागतो, ‘हो’ म्हणेपर्यंत सोडत नाही. कांदाता हे जपानी कथाकार अकुतागावांच्या ‘कोळ्याचा धागा’ या कथेतल्या दरोडेखोराचं नाव. कधी काळी एका कोळ्याचा जीव वाचवला म्हणून बुद्ध त्याच्यासाठी नरकात धागा सोडतो. भाचीनं तीनदा ‘नाही’ म्हटलं, मग कंटाळून माफ केलं. पुण्य तेवढंच पडलं.

इतिहासात मिरी अशी कोणाला सोडवून मिळाली नाही. पोर्तुगीज 1498 मध्ये मिरीसाठी कालिकतला आले, 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि 1543 मध्ये त्यांच्यापैकी काही जण जपानच्या तानेगाशिमा बेटावर बंदुका घेऊन उतरले. 1549 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला पोचला. त्याचं शव आज जुन्या गोव्यात आहे, आमच्या आगरापासून दोन-तीन तासांवर. ती जहाजं आपलाही किनारा जाणतो आणि जपानचाही. त्या सगळ्या आठवणीतून होरींनी मुलांच्या हाती ठेवलं ते एवढंच : कोणाला तरी संकटातून सोडवलं, म्हणून मिरी मिळाली. गुप्ता तिचे पैसे घेत नाही. राजा शब्द पाळतो. जहाज बंदरात उभं असतं, आणि तिथून पुढे सगळं जग मोकळं.

हे खोटं आहे, मला माहीत आहे. पण मुलांना आधी हे कळावं आणि खरं मागाहून, हा क्रम मला चुकीचा वाटत नाही. भाचीला खरं मी त्याच रात्री सांगितलं, डब्यातली मिरी हातावर घेऊन. तिनं एक दाणा चावला, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘‘एवढ्यासाठी?’’

एवढ्यासाठीच. आणि तुम्ही हा खेळ घेतलात तर एक करा. सेटिंगमध्ये जाऊन ती नकाशावरची खूण बंद करा. बहारतात पोचलात की कोणाला तरी वाट विचारा.