स्वभावाला औषध

‘‘डॉक्टर, आजार वगैरे काही नाही हो. स्वभावच तसा आहे तिचा. आणि स्वभावाला कुठे औषध असतं?’’

बाबा बोलत होते. मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. वय बावीस-तेवीस. मे महिन्याच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा कुडता.

मानसोपचाराच्या व्यवसायात ही म्हण मी इतक्यांदा ऐकली आहे, की तिच्यातलं अर्धं मला आता पटतंही. कुठलं अर्धं, ते शेवटी सांगते.

तापट, संशयी, भिडस्त, काटेकोर असे सगळेच आपल्या घरात असतात. त्यांना आपण विकार म्हणत नाही, म्हणूही नये. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी १९२३ साली एक साधी कसोटी दिली होती: स्वभावाच्या टोकामुळे माणूस स्वतः सोसतो का, किंवा इतरांना सोसावं लागतं का? आज आम्ही त्यात आणखी थोडं पाहतो. हे वागणं ऐन तारुण्यापासूनच आहे का? घरी, कचेरीत, मैत्रीत सगळीकडे तेच आहे का? आणि प्रसंग बदलला तरी माणसाला वेगळं वागताच येत नाही, असं आहे का?

अमेरिकी वर्गीकरणात अशा व्यक्तिमत्त्व विकारांचे दहा प्रकार आहेत, तीन गटांत विभागलेले. पहिला गट जगापासून दुरावलेल्यांचा. कुणी प्रत्येक शब्दात डाव शोधतो, कुणाला माणसांची ओढच नसते, कुणाचे विचार आणि वागणं चमत्कारिक असतं. दुसऱ्या गटात भावनांचं वादळ. इतरांचे हक्क बेदरकारपणे तुडवणारे समाजविघातक (हे निदान अठरा वर्षांखालच्यांना लावत नाहीत), सतत लक्ष वेधून घेणारे, स्वतःच्या मोठेपणात अडकलेले आणि ‘बॉर्डरलाइन’. तिसरा गट भीतीचा. नकाराच्या धास्तीने माणसं टाळणारे, साडीचा रंगही दुसऱ्याला विचारून ठरवणारे आणि अतिकाटेकोर.

अतिकाटेकोरपणाची आणि ओसीडीची लोक नेहमी गल्लत करतात. ओसीडीचा रुग्ण हात धुऊन धुऊन रडकुंडीला येतो, ‘मला हे थांबवायचंय’ म्हणतो. अतिकाटेकोर गृहस्थ मात्र बायकोने ओढून आणलेले असतात आणि मला ऐकवतात, ‘‘मी बरोबरच आहे, बाकीचे गबाळे आहेत.’’ जे खुपतं ते बाहेरचं वाटतं. स्वभाव मात्र ‘मी’च वाटतो. व्यक्तिमत्त्व विकारात मदत मागायला उशीर होतो, तो बहुतेकदा यामुळेच.

खरं सांगायचं तर माझ्यासमोरची माणसं या दहा खणांत नीट बसत नाहीत. एकाच माणसात दोन-तीन खणांतला ऐवज सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही हे ओळखलं. २०२२पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ या तिच्या वर्गीकरणात बहुतेक खण मोडीत निघाले आहेत. आता आधी तीव्रता पाहायची: सौम्य, मध्यम की गंभीर. मग स्वभावाची कोणती अंगं ठळक आहेत ते नोंदवायचं. बॉर्डरलाइनची नोंद तेवढी वेगळी करता येते. ‘हा कोण आहे?’ या प्रश्नाच्या जागी ‘याचं किती अडतंय?’ हा प्रश्न आला, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण खणांची नावं हल्ली शिव्यांसारखी वापरली जातात. वेगळं व्हायला निघालेली जोडपी एकमेकांना ‘नार्सिसिस्ट’ ठरवूनच माझ्याकडे येतात. निदानाची चिठ्ठी दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवायला नसते.

खिडकीपाशी बसलेल्या मुलीची नोंद बॉर्डरलाइनची झाली. मैत्रिणीने फोन उचलला नाही की ‘मी कुणालाच नको आहे’, आणि तासाभरात तीच मैत्रीण देवासारखी. आतली पोकळी असह्य झाली की ती स्वतःला इजा करून घेई. घरचे याला ‘नाटकं’ म्हणत.

‘बॉर्डरलाइन’ हा शब्द आला १९३८ साली, ॲडॉल्फ स्टर्न यांच्या लेखातून. न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या सीमेवरचे, उपचारांना दाद न देणारे रुग्ण, असा तेव्हा त्याचा अर्थ होता. ही निराशा मोडण्यात मोठा वाटा मार्शा लिनेहन यांचा. त्यांनी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ घडवली. तिचं सूत्र दुहेरी आहे: तुझं दुखणं खरं आहे, आणि तरीही तुला बदलावं लागेल. भावनेची लाट येताना ओळखणं, ती ओसरेपर्यंत तग धरणं, भांडण न करता मागणं, ही कौशल्यं त्यात पोहण्यासारखी शिकवली जातात. २०११मध्ये लिनेहन यांनी उघड केलं, की सतराव्या वर्षी त्या स्वतःच स्वतःला इजा करण्यामुळे रुग्णालयात होत्या. वर्षानुवर्षं केलेल्या पाहण्यांतून दिसलं, की बहुतेक रुग्णांची तीव्र लक्षणं दहाएक वर्षांत ओसरतात. नोकरी आणि नाती सावरायला मात्र जास्त वेळ लागतो.

तर म्हणीतलं पटलेलं अर्धं हे: व्यक्तिमत्त्व विकार बरा करणारी गोळी खरंच नाही. सोबतच्या नैराश्याला, चिंतेला औषध देतो, तेवढंच. पण गोळी नाही म्हणजे उपचार नाहीत, असं नव्हे.

बाबांनाही थोडं शिकावं लागलं. ‘नाटकं पुरे’ऐवजी ‘तुला त्रास होतोय, दिसतंय मला’ म्हणायला त्यांना तीन महिने लागले. ती अजूनही पूर्ण बाह्यांचेच कुडते घालते. मध्येच माझ्यावरही रुसते, एखादी वेळ बुडवते. गेल्या खेपेला बाबा निघताना दाराशी थबकले.

‘‘स्वभाव तोच आहे हो,’’ ते म्हणाले, ‘‘पण आता भांडण त्याच रात्री मिटतं.’’